शिकत राहिल्याने माणसाला खरोखर बरे वाटते का? कारखान्यातील प्रशिक्षणाविषयी अनुभव हवे आहेत

प्रश्न : गोकुळ शिरगाव

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये मी गेली ९ वर्षे मनुष्यबळ विभागाचे काम पाहते. आमच्याकडे १४० च्या आसपास माणसे आहेत. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर, म्हणजे धातू ओतून घडवलेल्या भागांवर, टर्निंग (फिरवून कापणे), ड्रिलिंग (भोक पाडणे) आणि बोरिंग (भोक मोठे करणे) करून ती पुढे पाठवणे, हे आमचे मुख्य काम. येत्या वर्षाचा प्रशिक्षणाचा आराखडा तयार करण्यास मालकांनी मला सांगितले आहे आणि त्यासोबत एक प्रश्न विचारला आहे, ज्याचे समाधानकारक उत्तर मला देता आलेले नाही. ते म्हणाले, "प्रशिक्षणाने रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, कमी होते, हे मला समजते. पण त्याने माणसांचे मन बरे राहते असे तुम्ही म्हणता, ते कशावरून?"

माझ्या म्हणण्यामागे एक प्रसंग आहे, तो सविस्तर सांगते. आमच्याकडे ५२ वर्षांचे एक लेथ कामगार आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. साध्या लेथवर त्यांची २८ वर्षे गेली. दीड वर्षापूर्वी दोन जुने लेथ हलवून त्या जागी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे, यंत्र बसले, तेव्हापासून मामा गप्प झाले. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन एकटेच कंपाउंडच्या भिंतीपाशी बसू लागले, त्यांच्या रजा वाढल्या, आणि एकदा माझ्याजवळ त्यांनी सांगितले की, सातवी शिकलेल्या माणसाला त्या पडद्यावरचे काय कळणार, या विचाराने रात्री डोळा लागत नाही. यंत्र कामासाठी लावून देणाऱ्या आमच्या एका तरुण सेटरने हे ओळखले आणि पाळी संपल्यावर रोज अर्धा तास तो मामांना शिकवू लागला. मामांनी त्यासाठी शंभर पानी वही आणली. तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले मी पाहिले आहे : 'जी०० – हवेतून पळणे. जी०१ – कापत चालणे. जी०२ – घड्याळाच्या दिशेने वळण. एम०३ – चक फिरू लागणे.' प्रत्येक संकेतासमोर, साध्या लेथवर तेच काम कोणत्या हँडलने होते, त्याचे पेन्सिलीने काढलेले छोटे चित्र होते. दोन महिन्यांनी मामांनी स्वतः प्रोग्राम भरला, ड्राय रन (न कापता रिकामी चाचणी) घेतला, पहिला जॉब (तयार भाग) काढला, मायक्रोमीटरने मापला आणि तेलाच्या हाताने तो आणून माझ्या टेबलावर ठेवला. मला त्या मापातले काही कळत नाही, हे त्यांना माहीत होते. तरी तो कोणाला तरी दाखवायचा होता. तो जॉब मी कपाटात जपून ठेवला आहे. मामा आता पुन्हा सगळ्यांबरोबर जेवायला बसतात.

मात्र याच्या उलट अनुभवही आमच्याकडेच आला. गेल्या वर्षी बाहेरून वक्ते बोलावून 'सकारात्मक विचारसरणी' या विषयावर आम्ही दिवसभराचे शिबिर घेतले आणि ते साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवले. माणसे आली, जेवली, प्रमाणपत्र घेऊन गेली. पुढे पंधरा दिवस शॉपमध्ये कुरबुर चालू होती. शिबिर ठरवण्यात माझाच पुढाकार होता, त्यामुळे त्याची बोच मला आहे.

म्हणून येथे विचारते. शिकण्याने मनःस्वास्थ्य सुधारत असेल, तर ते नेमके कशामुळे? कोणते शिकणे माणसाला उभारी देते आणि कोणते त्याला अधिकच थकवते? आणि हा फरक मालकांपुढे ठेवता येईल अशा रीतीने मोजता येतो का?

उत्तर १ : मंगळवार पेठ

ताई, मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ३१ वर्षे शिल्पनिदेशक म्हणून काम करून निवृत्त झालो. आपला प्रसंग वाचताना मला माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी माणसे आठवली. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर, माझ्या मते, मामांच्या त्या वहीत आहे. नव्या यंत्राचा प्रत्येक संकेत त्यांनी आपल्या जुन्या हँडलशी जोडून घेतला. प्रौढ माणूस कोऱ्या पाटीने शिकायला येत नाही. त्याच्याजवळ अनुभवाचे गाठोडे असते आणि ते बाजूला ठेवून शिकायला सांगितले की, आपली इतकी वर्षे मातीत गेली असे त्याला वाटते. मामांची झोप उडाली ती याच भावनेने. पडदा कळत नाही, ही अडचण त्या मानाने लहान होती.

नोकरी करणाऱ्या कामगारांचे संध्याकाळचे वर्ग मी पुष्कळ वर्षे घेतले. पहिले काही दिवस ही माणसे मागच्या बाकावर बसत, प्रश्न विचारला की खाली पाहत. मग मी पद्धत बदलली. पहिल्या दिवशी फळ्यावर काहीही न लिहिता मी चिप्सचा, म्हणजे कापताना निघालेल्या धातूच्या चिरफळ्यांचा, एक ढीग टेबलावर ओतत असे आणि विचारत असे, यातली कोणती चिप जास्त वेगाने कापलेली आहे, कोणत्या वेळी टूलची धार गेली होती. ज्याने पंधरा-वीस वर्षे टर्निंग केले आहे, तो चिपचा निळसर रंग पाहून सांगतो, कापताना येणाऱ्या आवाजावरून सांगतो. मी म्हणत असे की, सीएनसीवर स्पीड (फिरण्याचा वेग) आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) ठरवताना हेच ज्ञान लागते, फक्त ते आता आकड्यांत भरायचे आहे. एवढे झाले की मागच्या बाकावरचा माणूस दुसऱ्या दिवशी पुढे येऊन बसे. त्याच्या बोलण्यात, चालण्यात फरक पडे. घरची मंडळीही सांगत की हल्ली चिडचिड कमी झाली आहे.

आपल्या कोल्हापूरला हे नवे नाही. माझे बालपण तालमीशेजारी गेले. नवा मुलगा आला की वस्ताद त्याला लगेच लढतीला उभा करत नाहीत. आधी हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या, मग एखादा डाव, आणि सरावासाठी जोडीदार दिला जातो तो याच्यापेक्षा थोडासाच वरचढ. रोज चितपट होणारा मुलगा चार दिवसांत तालीम सोडतो आणि रोज जिंकणारा पुढे सरकत नाही, हे वस्तादांना पुस्तक न वाचता ठाऊक असते. कारखान्यात शिकवताना आपण नेमके हेच विसरतो. एक तर सगळ्यांना एकाच वर्गात कोंबतो, नाहीतर ज्याला जे येते तेच पुन्हा ऐकवतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, त्यामागे माणसाने मान वर करून जगावे ही तळमळ होती. याच जिल्ह्यातील कुंभोजला १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' ही वाट घालून दिली. त्या वाटेने शिकलेला मुलगा आपले शिक्षण कोणाच्या उपकाराचे मानत नसे, कारण त्यात त्याचे स्वतःचे श्रम असत. प्रशिक्षण देताना मालकांनी हे ध्यानात ठेवावे. 'आम्ही तुम्हाला शिकवतो आहोत' हा सूर लागला की अर्धे शिकणे तिथेच संपते. कामगाराकडेही देण्यासारखे काही आहे, हे मान्य करून त्याला कोणाला तरी शिकवायला लावावे. आपल्या त्या तरुण सेटरनेही या दोन महिन्यांत पुष्कळ मिळवले असेल, कारण दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला काय नीट कळलेले नाही, हे आधी उघड होते.

त्या सेटरला शिकवण्याच्या वेळेचा भत्ता मिळावा आणि तो अर्धा तास पाळीच्या आत बसवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. चांगुलपणावर चाललेली गोष्ट दोन-चार महिने टिकते. पुढे शिकवणाराच थकतो. शिवाय कौशल्य विकासाच्या सरकारी योजनांत पूर्वानुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय असते, तिची चौकशी अवश्य करावी. ज्याच्याकडे आयुष्यभर शाळा सोडल्याच्या दाखल्याखेरीज एकही कागद नव्हता, त्याने असे प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये देवघराशेजारी लावलेले मी पाहिले आहे.

उत्तर २ : राजारामपुरी

वरील सरांनी कामाशी निगडित शिकण्याविषयी लिहिले आहे. पोटापाण्याशी ज्याचा काही संबंध नाही, अशा शिकण्याविषयी मी लिहिते, कारण त्याचा विचारही आराखड्यात व्हावा असे मला वाटते.

मी बँकेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर वर्षभरातच यजमान गेले. दिवस कसाबसा सरत असे. संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ मात्र अंगावर येई, कारण त्या वेळी आम्ही दोघे रंकाळ्यावर फिरायला जात असू. मुलगा पुण्याला, सून नोकरीत. कोणाला काय सांगणार? शेजारच्या वहिनींनी मला जवळजवळ हाताला धरून एका संगीतवर्गात नेले आणि वयाच्या ६१ व्या वर्षी मी पेटी शिकू लागले. कोल्हापूरला गाण्याची परंपरा मोठी आहे. देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासूनची, आणि शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेबांसारखे गवई होते. तरीही ज्या घरात कधी पेटी वाजली नाही, त्या घरातल्या बाईला ती परंपरा लांबूनच दिसते.

सुरुवातीला डावा हात भाता ओढायला विसरायचा आणि उजव्या हाताचे बोट पट्टीवर तसेच राहायचे. काळी चारचा षड्ज (चौथी काळी पट्टी 'सा' मानून) धरून 'सारेग, रेगम, गमप' हे अलंकार वाजवताना अंगठा बोटांखालून नेमका केव्हा काढायचा, याकडे इतके लक्ष द्यावे लागे की, त्या चाळीस मिनिटांत दुसरा कोणताही विचार मनात शिरत नसे. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. एके दिवशी रियाज संपवून मी चहा ठेवला आणि जाणवले की आज सहा वाजले ते मला कळलेच नाही. दुःख कमी झाले असे मी म्हणणार नाही. परंतु चोवीस तासांत चाळीस मिनिटे तरी त्याची पकड सुटू लागली, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर भूप रागाचे स्वर डोक्यात घोळू लागले.

पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसले, तेव्हा माझ्या आजूबाजूला दहा-अकरा वर्षांची मुले होती. त्यातल्या एका मुलीने मला विचारले, "आजी, तुम्हाला भीती वाटते का?" मी हो म्हणाले, तेव्हा तिने आपल्या पाण्याच्या बाटलीतले पाणी मला दिले. आज ती मुलगी आणि मी एकाच वर्गात आहोत. तिच्या आईशी, आजीशी माझा घरोबा झाला आहे. पेटी शिकायला गेले नसते, तर ही माणसे मला भेटली नसती.

म्हणून माझी विनंती अशी की, कारखान्यातल्या माणसांना काय शिकायचे आहे, हे एकदा त्यांनाच विचारावे. कोणाला तबला शिकायचा असेल, कोणाला जमिनीचे जुने कागद वाचण्यासाठी मोडी लिपी. करवीर नगर वाचन मंदिरासारखे १८५० सालापासूनचे ग्रंथालय आपल्या गावात आहे. तिथल्या सभासदत्वाची वर्गणी कारखान्याने भरली, तरी कोणाला तरी त्याचा उपयोग होईल.

उत्तर ३ : कागल

मी अभियंता आहे आणि तिसऱ्या वर्षाच्या नोकरीत प्रशिक्षणाचा चांगलाच जाच सोसला आहे, त्यामुळे ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडे लिहितो.

माझ्या आधीच्या कंपनीत दर महिन्याला ठरावीक संख्येने ऑनलाइन कोर्स पूर्ण करण्याची सक्ती होती. विषय वरून येत. आमच्या कामाशी त्यांचा संबंध असेलच असे नव्हते. महिनाअखेरीस ज्यांचे बाकी असेल त्यांची नावे लाल रंगात व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकली जात. मी रात्री जेवताना मोबाइल समोर ठेवून व्हिडिओ चालू करत असे, मधले प्रश्न अंदाजाने सोडवत असे आणि प्रमाणपत्र गोळा करत असे. वर्षभरात अशी १९ प्रमाणपत्रे जमली आणि त्यांपैकी एकाही विषयावर मी पाच मिनिटे बोलू शकलो नसतो. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येई. शिकणे या गोष्टीचाच मला कंटाळा आला होता, आणि ज्याला लहानपणी रेडिओ उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे त्याची ही अवस्था होती, याचे मला आजही वाईट वाटते.

नव्या ठिकाणी आल्यावर फिक्स्चर (काम करताना जॉब घट्ट धरून ठेवणारी चौकट) डिझाइन शिकण्याची इच्छा मी स्वतः सांगितली. साहेबांनी आठवड्यातून एक दुपार दोन तास टूलरूममध्ये (हत्यारे आणि फिक्स्चर बनवण्याच्या खोलीत) बसण्याची मुभा दिली आणि तीन महिन्यांनी एक लहानसे फिक्स्चर माझ्यावर सोपवले. ते पहिल्यांदा चुकले. क्लॅम्पखालचा जॉब दाब पडताच किंचित वाकत होता आणि भोक तिरके जात होते. त्याबद्दल कोणी मला बोलले नाही. टूलरूमचे फोरमन माझ्याशेजारी बसले आणि आधार कुठे द्यायचा ते त्यांनी खडूने दाखवले. दुसऱ्या वेळी ते जमले. या शिकण्याला पहिल्या नोकरीतल्या कोर्सपेक्षा कितीतरी जास्त वेळ आणि मेहनत लागली, तरी त्याचा शीण आला नाही.

उत्तर ४ : शाहूपुरी

मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि शहरात समुपदेशनाचे काम करते. वरच्या तिन्ही उत्तरांत जे अनुभव आले आहेत, त्यांना अभ्यासाचा आधार आहे. मालकांपुढे बोलताना तो उपयोगी पडेल, म्हणून जरा विस्ताराने मांडते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाच्या मनाला तीन गोष्टींची भूक असते : आपल्या कृतीची निवड आपली असावी, आपल्याला एखादी गोष्ट चांगली जमते आहे असे जाणवावे, आणि आपली माणसे आपल्याबरोबर असावीत. मामांच्या अर्ध्या तासात या तिन्ही गोष्टी होत्या. ते स्वतःच्या इच्छेने थांबत होते, वहीचे प्रत्येक पान भरताना प्रगती दिसत होती आणि शेजारी आपुलकीने शिकवणारा मुलगा होता. सुट्टीच्या दिवशीच्या शिबिरात बहुधा यांपैकी एकही नव्हती. कागलच्या मित्रांना आधीच्या कंपनीत जो त्रास झाला, त्यात तर भरीला जाहीर मानहानी होती.

अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली स्वक्षमतेची कल्पना मांडली. 'हे मला जमेल' असा जो विश्वास असतो, तो मुख्यत्वे प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवातून येतो. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला जमलेले पाहूनही येतो. कोणी विश्वासू माणसाने धीर दिल्यानेही थोडा येतो. नुसते भाषण ऐकून येणारा विश्वास सर्वांत लवकर ओसरतो. यावरून आराखड्याचा पैसा कुठे खर्च करावा हे ठरवता येईल. सातवी शिकलेल्या मामांना यंत्र चालवताना पाहून शॉपमधल्या इतर वयस्क कामगारांना जे बळ मिळाले असेल, ते कोणताही वक्ता देऊ शकणार नाही.

रॉबर्ट करासेक यांनी १९७९ साली कामाच्या ताणाविषयी मांडलेला विचारही येथे लागू पडतो. कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचा अधिकार मात्र थोडा, अशी स्थिती असली की ताण सर्वाधिक साचतो. मागणी तितकीच मोठी असून अधिकार आणि कौशल्य वापरण्याची मोकळीक असेल, तर तेच काम माणसाला शिकवत जाते. म्हणजे शिकवून झाल्यावर त्या माणसाला ते वापरण्याची संधी दिली पाहिजे. प्रोग्रामिंग शिकवायचे आणि पुढे वर्षभर त्याला केवळ जॉब लावणे-काढणे एवढेच काम द्यायचे, यातून निराशा वाढते. माझ्याकडे येणाऱ्या तरुण कामगारांत ही तक्रार मी वारंवार ऐकते.

राजारामपुरीच्या काकूंच्या अनुभवाला जवळचा असा एक प्रयोग डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केला; तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६० वर्षांवरील माणसांचे गट करून काहींना गोधडीकाम आणि काहींना डिजिटल छायाचित्रण शिकवले. आठवड्याला सुमारे १५ तास, असे साधारण तीन महिने हे चालले. दुसरा एक गट नुसता एकत्र जमून गप्पागोष्टी, सहली, खेळ यांत रमला. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती अवघड आणि नवे काही शिकणाऱ्या गटांत. एकत्र बसण्याचे इतर फायदे आहेतच, परंतु डोक्याला जोर द्यावा लागणाऱ्या शिकण्याचा लाभ वेगळा असतो, असे त्यावरून म्हणता येते. काकूंना अंगठा नेमका केव्हा काढायचा याकडे लक्ष द्यावे लागले, तो जोर हाच. ब्रिटनमधील न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने २००८ साली मनःस्वास्थ्यासाठी पाच गोष्टी सुचवल्या, त्यांतही माणसांशी नाते, शरीराची हालचाल, भोवतालाकडे लक्ष आणि इतरांना देणे यांच्या जोडीने शिकत राहणे ही गोष्ट आहे.

आता मोजण्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची एक छोटी प्रश्नावली आहे, तिला डब्ल्यूएचओ-५ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत आणि निवांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि रोजच्या दिवसात रस वाटावा अशा गोष्टी होत्या का, एवढेच त्यात विचारले जाते. प्रत्येकाला ० ते ५ गुण. एकूण बेरजेला ४ ने गुणले की १०० पैकी आकडा मिळतो. वर्ग सुरू होण्यापूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा ती भरून घ्यावी. त्यावर नाव, हजेरी क्रमांक किंवा विभाग लिहायला लावू नये आणि ज्याला भरायची नसेल त्याच्यावर सक्ती करू नये. भरलेले कागद पर्यवेक्षकाच्या हातात गेले, तर सगळे जण पाचपैकी पाच लिहितील. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना विधाने मराठीत सावकाश वाचून दाखवावीत. आकड्यांच्या जोडीला एक साधी खूण पाहावी : सक्ती नसताना पुढच्या वर्गाला किती जण आपणहून येतात.

मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. ज्या माणसाची झोप आणि भूक अनेक आठवडे गेलेली आहे, कशातच मन लागत नाही, जगण्याचा कंटाळा आल्याचे जो बोलतो, त्याला वर्गात बसवून बरे करण्याचा प्रयत्न करू नये. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, तो क्रमांक सूचनाफलकावर आजच लावावा. उपचार चालू असताना शिकण्याची जोड अवश्य मिळावी, पण उपचारांच्या जागी ती असू नये. त्याचप्रमाणे ज्या शॉपमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या होतात, तिथे माणसाला आधी विश्रांतीची गरज असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : गोकुळ शिरगाव

आपण सर्वांनी वेळ काढून इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. उत्तरे छापून मी मालकांना वाचायला दिली. वस्तादांचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. त्यांचे स्वतःचे वडील तालमीत जात असत, हे मला प्रथमच कळले.

तीन गोष्टी नक्की झाल्या आहेत. शिकवण्याचा अर्धा तास पाळीच्या आत बसवला असून सेटरला त्याचा भत्ता पुढच्या पगारापासून लागू होईल. सुट्टीच्या दिवशी यापुढे कोणतेही प्रशिक्षण ठेवायचे नाही. आणि टेली-मानसचा क्रमांक कँटीनमध्ये, हात धुण्याच्या जागेशेजारी, सगळ्यांना दिसेल असा लावला आहे.

काकूंच्या सांगण्याप्रमाणे मी कोरी वही घेऊन शॉपभर फिरले आणि प्रत्येकाला काय शिकायचे आहे ते विचारले. सर्वाधिक मागणी ड्रॉइंग (भागाचे मापांसह आराखडे) वाचायला शिकण्याची निघाली. काहींना मोबाइलवरून पैसे पाठवताना फसवणूक कशी टाळावी हे समजून घ्यायचे आहे, दोघांना खरोखरच तबला शिकायचा आहे, आणि कँटीनमध्ये भाकरी करणाऱ्या मावशींनी बाजूला घेऊन मला सांगितले की, बँकेतली पैसे काढण्याची चिठ्ठी त्यांना स्वतःच्या हाताने भरायची आहे. गेली कितीतरी वर्षे त्या ती दुसऱ्याकडून भरून घेतात आणि दर वेळी पुढच्या माणसाला रक्कम कळते, याचे त्यांना वाईट वाटते. त्यांचे काम तीन वाजता संपते. त्यानंतर रोज वीस मिनिटे मी स्वतः त्यांच्याबरोबर बसणार आहे. काल पहिल्या दिवशी त्यांनी आपले नाव चार वेळा लिहिले आणि अंक १ ते ९ पर्यंत काढले.

मामांनाही विचारले. नव्याने आलेल्या दोन अॅप्रेंटिसना शिकवायला त्यांची तयारी आहे, मात्र यंत्राजवळच्या भिंतीवर एक फळा हवा आणि मुलांनी आपापली वही आणली पाहिजे, अशा दोन अटी त्यांनी घातल्या आहेत. फळा मागवला आहे. डब्ल्यूएचओ-५ चे कागद आणि बंद पेटी सोमवारी कँटीनच्या दाराशी ठेवेन आणि तीन महिन्यांनी जे आकडे येतील, ते जसेच्या तसे येथे लिहीन.